शाळेच्या गच्चीवरची परसबाग: पाचवी ते आठवीच्या विषयांशी सांगड कशी घालायची?

झारी
शाळा पुण्यात, पेठेत. मराठी माध्यम, सकाळचं सत्र ७ ते १२, दुपारचं १२:३० ते ५:३०. वर्गात ४०-४५ मुलं. २० बाय ८ मीटरची गच्ची रिकामी आहे आणि इमारतीच्या मागे, भिंतीलगत १२ बाय ३ मीटरची मातीची पट्टी आहे. जूनपासून परसबाग करायची आहे. पोषण आहारात थोडी भाजी जाईल ते ठीकच, पण गणित, विज्ञान, भूगोल, भाषा या सगळ्यांना तिचा उपयोग व्हावा असा बेत आहे. शोधलं की 'मुले निसर्गाशी जोडली जातात' छापाचं खूप मिळतं. मला नेमकं हवंय: काय लावायचं, कधी, कुठल्या विषयाला काय, आणि कुठे फसतं.

बीमकॉलम
झाडांच्या आधी वजनाचं बोला. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ (भाग २) या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात धरलेला भार १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने चौरस मीटरला १५० किलो. आता भाजी मंडईतला नेहमीचा प्लास्टिक क्रेट घ्या, ५४ बाय ३६ सेंमी. तळ ०.१९४ चौ.मी. त्यात १८ सेंमी थर भरला तर ३५ लिटर. नुसती माती भरली तर ओली झाल्यावर लिटरला १.७ किलोच्या आसपास, म्हणजे क्रेट जवळजवळ ६० किलोचा आणि त्याच्याखाली चौ.मी.ला ३०० किलोच्या वर. तेच वाळका पाला, रसवंतीतली उसाची चिपाडं, कोकोपीट, शेणखत आणि जेमतेम पाचवा हिस्सा माती असं भरलं तर ओलं वजन लिटरला ८०० ग्रॅमच्या आसपास येतं. क्रेट २८ किलो, खाली चौ.मी.ला १४४.

८०० ग्रॅम हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. दहा लिटरची बादली भरा, भिजवा, तळाच्या भोकांतून निथळू द्या आणि वजन करा. ही सातवीची घनतेची तासिका झाली, आणि उत्तराला खरोखर किंमत आहे. क्रेट भिंती आणि बीमच्या रेषेत ठेवा, मधला भाग मोकळा. वर ४० मुलं एकदम चढवली तर १२०० किलो तीही आहेत, हे विसरू नका. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र आधी, क्रेट नंतर.

क्रेट विटांवर ठेवा, खालून पाणी वाहायला हवं. आणि पावसाळ्यानंतर कठड्याच्या फटीत पिंपळाची रोपं शोधून उपटा. बागेसाठी लावलेल्या कुठल्याही झाडापेक्षा तीच गच्ची जास्त फोडतात.

खुरपं
पीक निवडताना बाजार बघू नका, शाळेचं कॅलेंडर बघा. बहुतेक परसबागा इथेच मरतात: टोमॅटो रंगात येतो आणि दिवाळीची सुट्टी लागते.

पहिलं सत्र (जूनचा तिसरा आठवडा ते दिवाळी): चवळी, भुईमूग, भेंडी, लाल भोपळा, माठ, अंबाडी. मेथी-कोथिंबीर या काळात नको. जुलैच्या झडीत रोपं जमिनीलगत कुजून आडवी होतात आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं.

दुसरं सत्र (दिवाळीनंतर ते फेब्रुवारी): मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर, वाटाणा. मेथी ३० दिवसांत काढणीला येते, त्यामुळे परीक्षेआधी दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत जे चुकलं ते दुसऱ्या फेरीत सुधारता येतं, हा या पिकाचा सगळ्यात मोठा गुण. एकच पीक घ्यायचं असेल तर मेथी घ्या.

भुईमूग मात्र सोडू नका. २० जूनला पेरला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघतो. दाणा ५ सेंमी खोल, दोन रोपांत १५ सेंमी, ओळींत ३०. पंचविशी-तिशीच्या दिवसांत पिवळं फूल येतं, ते वाळतं आणि त्याच्या बुडातून आरी निघून खाली मातीत घुसते. शेंग तिच्या टोकाला भरते. 'शेंगा मुळांना लागतात' असं शहरातली मुलंच काय, मोठी माणसंही छातीठोकपणे सांगतात. आऱ्या सुटल्या की माती भुसभुशीत करून बुडाशी भर द्या. वरचा थर टणक झाला तर आरी आत शिरत नाही आणि हाती पाला येतो. ऑक्टोबरात उपटायच्या आधी प्रत्येक गटाला रोपाचं चित्र काढायला सांगा, शेंगा कुठे आहेत ते दाखवून. मग उपटा.

त्रिज्या
गणितासाठी तीनच गोष्टी सांगते. यादी करायला बसलं तर पन्नास निघतील, पण वर्षभरात तीन नीट झाल्या तरी पुष्कळ.

एक, वाफा आखणे. नायलॉनच्या दोरीला ५० सेंमीवर गाठी, बारा भाग. ३-४-५ भागांच्या त्रिकोणात ताणली की काटकोन. सुती दोरी नको, ओली झाली की अंतरं बदलतात. वाफा आखून झाला की दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर कोपरा चुकलाय. पायथागोरस सातवीत आहेच.

दोन, उगवण चाचणी. १०० बिया ओल्या बारदानावर १० बाय १० मांडायच्या, गुंडाळायचं, पाणी शिंपडत राहायचं. मेथीला ५ दिवस पुरतात. समजा ७० उगवल्या. आता प्रश्न: वाफ्यात १०० रोपं हवीत तर बिया किती? निम्म्याहून जास्त वर्ग १३० म्हणतो, कारण '३० कमी पडल्या, ३० वाढवा'. १३० च्या ७० टक्के ९१ होतात. उत्तर १०० भागिले ०.७, म्हणजे १४३. शेकडेवारीतली ही चूक फळ्यावर कितीही वेळा समजावली तरी परत येते. वाफ्यात नऊ जागा रिकाम्या दिसल्या की लक्षात राहते. म्हणून १३० वाल्या गटाला १३०च पेरू द्या, थांबवू नका.

तीन, सरासरी. प्रत्येक वाफ्यातली पाच रोपं उगवल्या दिवशीच चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि दोरा बांधायचा. दर सोमवारी तीच मोजायची. हे केलं नाही तर मुलं दर आठवड्याला सगळ्यात उंच रोप मोजतात आणि आलेख खोटा चढतो. दोरा बांधलेलं रोप मेलं तर 'मेलं' असं लिहायचं, शेजारचं धरायचं नाही.

झारी
खूप उपयोगी. मागची मातीची पट्टी इमारतीच्या उत्तरेला आहे. तीन मजली इमारत, १० मीटर उंच. तिथे काय?

अक्षांश
उत्तरेला? मग दुसऱ्या सत्रात तिथे भाजी विसरा. पुणे १८.५ अंशावर. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य ९० वजा १८.५ वजा २३.५, म्हणजे ४८ अंशांवर, दक्षिणेकडे. १० मीटरच्या भिंतीची सावली त्या वेळी ९ मीटर पडते. तुमची पट्टी ३ मीटरची. दिवसभर सावलीतच.

पावसाळ्यात चित्र वेगळं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा पट्टीला ऊन मिळेल, ढगांनी दिलं तर. तिथे अळू, हळद, आलं, गवती चहा लावा आणि उरलेल्या जागेत कंपोस्टचे ड्रम ठेवा.

पण हे मुलांना सांगू नका, त्यांच्याकडून काढून घ्या. जागेचा नकाशा आलेख कागदावर, प्रमाण १:१००. दर तासाला सावलीची कड खडूने आखायची, कागदावर उतरवायची. जून, सप्टेंबर, डिसेंबर असे तीन दिवस. तिन्ही कागद एकावर एक धरून खिडकीला लावले की ऋतुबदल दिसतो आणि भेंडी कुठे लावायची तेही कळतं.

दुसरं, पर्जन्यमापक. एक लिटरची सरळ बाजूंची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ उंचसखल असतो म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे घालून पाणी भरायचं, ती शून्याची रेघ. नेहमी होणारी गडबड म्हणजे बाजारातलं रुंद नरसाळं लावणं. नरसाळ्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल तर वाचन चारने भागायचं, दोनने नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो, तुमच्या सकाळच्या सत्राला ही वेळ अगदी सोयीची. कठड्याला चिकटवून ठेवू नका, वाऱ्याने पाऊस उडून जातो आणि आकडा कमी येतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की २५ मिमी पावसाच्या दिवशी तुमच्या १६० चौ.मी. गच्चीवर ४००० लिटर पडलं हे पाचवीचं मूलही सांगतं. झारीने पाणी घालतानाही तोच हिशेब: वाफ्याला दिवसाला ५ मिमी हवं तर चौ.मी.ला ५ लिटर.

गंमत म्हणून पावसाची बेरीज महिन्यांऐवजी नक्षत्रांनुसार करून बघा. सूर्याचं नक्षत्र १३-१४ दिवसांचं, मृग ७ किंवा ८ जूनला लागतं. पुनर्वसूला 'तरणा' आणि पुष्याला 'म्हातारा' पाऊस का म्हणतात, ते मुलं आजीला विचारून येतील. आकडे त्या नावांना साथ देतात का, ते स्तंभालेखात दिसेल.

शंकासुर
सगळं छान. पण तासिका ३५ मिनिटांची, मुलं ४५, खुरपी सहा. त्यातली दहा मिनिटं जिना चढण्यात. पाच मुलं काम करतात, चाळीस एकमेकांवर पाणी उडवतात. आणि प्रत्येक विषय ओढूनताणून बागेशी जोडायचा तो कशाला? 'बागेत १२ भोपळे होते, ५ काढले' हे गणित बागेत जाऊन करायची गरज नाही.

तकली
शंकासुर, तुमचा शेवटचा मुद्दा नव्वद वर्षं जुना आहे आणि रास्त आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीची आखणी झाली. उद्योगातून विषय शिकवणे याला तिथे 'समवाय' म्हणत. त्यावर पहिला आक्षेप हाच होता की शिक्षक ओढूनताणून समवाय करतील, आणि बऱ्याच ठिकाणी तसं झालंही. कसोटी साधी ठेवा: उत्तर वर्गात बसून पुस्तकातून मिळत असेल तर तो पाठ वर्गातच घ्या. त्रिज्या यांचं १३० आणि १४३ चं उदाहरण कसोटीला उतरतं, बारा भोपळे उतरत नाहीत. त्यामुळे सगळे विषय जोडायचा आग्रह मुख्याध्यापकांनी सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला विषयागणिक दोन-तीन पाठ, बस.

वेळापत्रकाचं म्हणाल तर पाबळच्या विज्ञान आश्रमाचा नमुना बघा. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं काम. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस कामाचा. तुम्हाला दिवस मिळणार नाही, पण कार्यानुभवाची आणि विज्ञानाची तासिका जोडून ७० मिनिटं मिळू शकतात.

खुरपं
४५ मुलांसाठी: नऊ-नऊचे पाच गट. एक गट मातीत, एक मोजणीला, एक चित्र आणि कीड-निरीक्षणाला, एक कंपोस्टला, एक वर्गात आलेख काढत. दर आठवड्याला फिरते पाळी. गच्चीवर एका वेळी दोनच गट, म्हणजे बीमकॉलमही खूश. प्रत्येक गटाचा स्वतःचा वाफा किंवा तीन क्रेट, ते वर्षभर बदलायचे नाहीत.

नावाच्या पाट्या आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई ऊन-पावसात उडून जाते आणि मग कुठला वाफा आच्छादनाचा (पाल्याने झाकलेला), कुठला बिगरआच्छादनाचा यावर भांडणं. पेन्सिल टिकते.

परागकण
विज्ञानात परागणाचा पाठ फसतो तो वेळेमुळे. वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी, मादी फुलाच्या देठाशी चिमुकलं फळ असतं, म्हणून पाठासाठी उत्तम. पण सगळ्या वेली एकाच वेळी फुलत नाहीत. लाल भोपळा पहाटे उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. काकडी, कारलंही सकाळचंच. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. दुधी लावून सकाळी दहाला मुलांना गच्चीवर नेलं तर कोमेजलेली पांढरी फुलं बघून परत यायचं.

सकाळच्या सत्राला लाल भोपळा. आदल्या दुपारी उद्या उमलणारी मादी कळी ओळखायची (टोक पिवळं पडलेलं असतं), चार कळ्यांना कागदी पिशवी बांधायची. सकाळी आठच्या आत दोन पिशव्या सोडून, ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याच्या मधला परागकणांचा दांडा मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. उरलेल्या दोन तशाच. आठवड्याभरात दोन चिमुकली फळं फुगलेली आणि दोन पिवळी पडून गळालेली दिसली पाहिजेत. पहिल्या पंधरवड्यात बहुधा नर फुलंच येतात, तेव्हा 'वेल वांझ निघाला' म्हणून उपटू नका.

दुसरा पाठ चवळीच्या मुळांचा. ३५-४० व्या दिवशी रोप उपटायचं नाही, खुरप्याने मातीसकट उचलून बादलीत बुडवून माती सोडवायची. उपटलं की मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. गाठ ब्लेडने शिक्षकांनी कापायची. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्र स्थिरीकरण (गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करतात ते) चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर थांबलंय. युरिया टाकलेल्या मातीत गाठी कमी धरतात. हवं तर एका क्रेटमध्ये मुद्दाम टाकून तुलना करा.

ओवी
भाषेच्या शिक्षकांना बागेवर निबंध लिहून घ्यायचा मोह होतो. कृपया नको. त्याऐवजी कृतिलेखन घ्या. अ गट मेथी पेरण्याच्या सूचना लिहितो, ब गट फक्त तो कागद वाचून पेरतो, तोंडाने काही विचारायचं नाही. 'बी पेरा आणि पाणी घाला' एवढंच लिहिलं असेल तर कोणी बोटभर खोल पुरतं, कोणी वरच टाकतं. मेथीला जेमतेम एक सेंमी पुरे, बोटभर खोल गेलेली वर येत नाही. पाच दिवसांनी अ गटाला कळतं की 'किती खोल' हे शब्द राहिले. तोच कागद दुसऱ्या फेरीसाठी सुधारून लिहायचा. लाल शाईने दुरुस्त्या करायची गरजच उरत नाही.

शब्दांसाठी 'वाफसा' (मातीत पेरणीजोगी ओल असणं) घ्या. मूठभर माती दाबायची, लाडू वळला पाहिजे. कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटून भुगा झाला पाहिजे. हाताला चिकटली तर वाफसा अजून आला नाही, लाडू वळलाच नाही तर निघून गेला. याला 'ओलसर माती' म्हणून चालत नाही हे मुलांना हातानेच कळतं. मग विरळणी, खुरपणी, भर देणे, आळं, सरी, वरंबा... ज्या दिवशी जे काम केलं त्या दिवशी तो शब्द, भिंतीवर.

इतिहासवाल्यांसाठी एक: उपासाला काय चालतं त्याची यादी करा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद... हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आणि इथलंच असलेलं वांगं, मूग उपासाला चालत नाही! बटाटा, काजू, अननस ही नावं पोर्तुगिजांबरोबर आली. मिरचीने मात्र मिऱ्याचं नाव उचललं.

शंकासुर
उपासाची यादी आवडली. सोमवारी वापरणार.

गांडूळ
कंपोस्टबद्दल थोडक्यात. २०० लिटरचा ड्रम, पूर्वी रसायन भरलेला नको. बाजूंना १०-१२ मिमीची भोकं, १५ सेंमी अंतरावर. १५ सेंमी वाळका पाला, ५ सेंमी हिरवा कचरा (भाज्यांची देठं, गवत), वरून शेणकाल्याचा शिपका, पुन्हा तेच. मूठ दाबली तर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा, काहीच नाही तर पाणी. कुजकट वास म्हणजे हवा कमी, ढवळा. नवसागरासारखा उग्र वास म्हणजे हिरवं जास्त, पाला घाला. नुसता आंब्याचा पाला महिनोनमहिने तसाच बसतो. पोषण आहारातला भात-आमटी अजिबात नको, घुशी येतात.

तापमान रोज एकाच वेळी, एकाच खोलीवर. प्रयोगशाळेची काचेची तापमापी खुपसू नका, मोडते. धातूच्या कांडीची घ्या. हवेचं आणि ड्रमचं तापमान एकाच आलेखावर आलं की सूक्ष्मजीव न दिसताही दिसतात. एवढ्याशा ड्रममध्ये ६० अंशांची वाट बघू नका, उष्णता बाजूंनी निघून जाते.

खुरपं
राहिलेल्या कटकटी: क्रेटखाली ताटल्या ठेवल्या तर आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा, डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. मावा आला तर आधी पाण्याचा फवारा, मग निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून. फवारणी सुट्टी झाल्यावर, मोठ्या माणसाने. शेणाला हात लावला की साबणाने हात, डब्याच्या आधी तर नक्कीच. चिपाडांचं मिश्रण बसत जातं, दिवाळीला क्रेट तिसऱ्या हिश्शाने रिकामा दिसेल. त्यात तयार कंपोस्ट भरा.

दिवाळीच्या सुट्टीत क्रेट रिकामे असतील असंच नियोजन करा. शिपाईमामांच्या भरवशावर वीस दिवस उभं पीक ठेवणं त्यांच्यावरही अन्याय आहे. मे महिन्यात वरून जाड पाला पसरा आणि सोडून द्या.

झारी
स्ट्रक्चरल इंजिनियरना बोलावलंय. पहिल्या वर्षी बारा क्रेट भुईमूग-चवळी, दोन भोपळे, दिवाळीनंतर सगळीकडे मेथी. दुपारच्या सत्रातल्या सातवीला परागण कसं दाखवू? भोपळा तोवर मिटलेला असेल.

परागकण
त्यांच्यासाठी दोडका लावा, कठड्यालगत मांडव करून. संध्याकाळी पाचच्या सुमाराला उमलायला लागतो, म्हणजे शेवटची तासिका. नर फुलं झुपक्यात येतात आणि मादी एकेकटी, लांबूनही ओळखू येतात. पिशवी दुपारी बाराच्या सुमाराला, वर्गात जाण्याआधी बांधायची.